मिरगाआधी जीपचा पुढचा ॲक्सल घरी उघडायचा असेल तर

खानापूर-जांबोटीकडे जुन्या जीप आणि जिप्सी अजून कामाच्या गाड्या आहेत. काजूच्या बागेत, उसाच्या फडात, कणकुंबीकडच्या वाड्यांवर त्या रोज जातात, आणि रविवारी हौशी मंडळी त्याच गाड्या ओढ्यात घालतात. उन्हाळ्यात या गाड्यांवर पैसा खर्च होतो, पण उलट्या क्रमानं. आधी मोठे टायर, मग दिवे, मग स्नॉर्कल. पुढच्या ॲक्सलला ग्रीस गनचे दोन झटके मारले की सर्व्हिस झाली. जुलैत चार ओढे झाले की पुढच्या चाकातून करकर येते, ब्रेक एका अंगाला ओढतो आणि डिफचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं, म्हणजे डिफरन्शियलचं) ऑइल दुधाळ निघतं.

इथं फक्त पुढच्या ॲक्सलबद्दल लिहिलं आहे: हब, बेअरिंग, सील, किंगपिन (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती पिन), डिफचं ऑइल आणि ब्रीदर (ॲक्सलचं हवेचं भोक). सलग ॲक्सल आणि कमानपाटे असलेल्या गाड्यांना हे लागू पडतं, म्हणजे महिंद्राची एमएम ५४०, मेजर, सीएल आणि मारुती जिप्सी. सीआरडीई थारला पुढे टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिच्यासाठी ऑइलचा आणि ब्रीदरचा भाग घ्या, बाकीचा सोडा.

काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. एका दिवशी एकच बाजू धरा. दोन्ही बाजू एकदम उघडल्या तर डावी-उजवीचे भाग मिसळतात, आणि अडलं तर बघायला जोडलेली बाजू उरत नाही.

१. पाणी आत कुठून जातं

फुटक्या सीलमधून पाणी जातं असं सगळे धरून चालतात. सील चांगला असला तरी पाणी जातं, कारण गरम ॲक्सल ते ओढून घेतो. घाटातून धावून आलेला ॲक्सल ७० अंशांपर्यंत तापला आहे असं धरा. तो २५ अंशांच्या ओढ्यात बुडला की आतली हवा सुमारे १३ टक्के आकसते. तेवढी हवा ब्रीदरमधून आत यायला हवी. पण ब्रीदर तांबड्या चिखलानं बुजलेला असतो, नाहीतर तोही पाण्याखालीच असतो. मग सीलच्या ओठाखालून पाणी आत खेचलं जातं. ऑइल सीलची रचना आतलं ऑइल बाहेर जाऊ नये म्हणून असते. बाहेरून आत येणारं पाणी अडवायला तो तितका समर्थ नसतो.

यातून दोन गोष्टी ठरतात. ब्रीदर साफ केल्याशिवाय नवा सील टाकणं म्हणजे सीलचे पैसे ओढ्यात टाकणं. आणि ब्रीदर कितीही उंच नेला तरी चाकाचा हब वाचत नाही, कारण हबला स्वतःचा ब्रीदर नसतो. हबचं ग्रीस खोल पाण्यानंतर बघावंच लागतं.

मातीचाही फरक आहे. खानापूर तालुक्यातली जांभ्याची तांबडी माती बारीक, रवाळ असते आणि सीलचा ओठ घासून खाते. चिकोडी, रायबाग, अथणीकडची काळी माती नकलभोवती (चाक वळवणाऱ्या सांध्याभोवती) लिंपून बसते आणि पाणी धरून ठेवते, त्यामुळे तिकडे गंज जास्त. तांबड्या मातीतल्या गाडीचे सील आधी बघा, काळ्या मातीतल्या गाडीचा नकलचा गोळा.

२. गाडी धुण्याआधी तपासा

कामाला सुरुवात म्हणून लोक आधी प्रेशर वॉशर मारतात. गळती कुठून सुरू झाली हे दाखवणारा माग त्यात धुऊन जातो. आधी कोरड्या गाडीखाली टॉर्च घेऊन झोपा.

नकलच्या गोळ्यावर ओलसर, पातळ, काळपट थर असेल आणि गंधकाचा उग्र वास येत असेल, तर ते डिफचं गिअर ऑइल आहे. आतला ॲक्सल सील गेला आहे. ऑइल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करतं आणि मागच्या फेल्ट किंवा रबरी सीलमधून बाहेर पडतं. चाकाच्या आतल्या कडेला घट्ट ग्रीसचे फराटे असतील तर हबचा सील. पातळ, वास नसलेलं, रंग उचलणारं द्रव असेल तर ब्रेक ऑइल. तसं असेल तर हे काम बाजूला ठेवून व्हील सिलिंडर किंवा कॅलिपर आधी बघा.

मग पुढचं एक चाक जमिनीवरून जेमतेम सुटेल इतकं उचला, वर-खाली धरून हलवा. प्ले (सैलपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो बेअरिंगचा. तरीही राहिला तर किंगपिनचा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर येणारा प्ले बहुतेक वेळा टाय रॉड एंडचा असतो. ही चाचणी फुकट आहे आणि निम्मे चुकीचे खर्च इथंच थांबतात.

इशारा: खड्ड्यानंतर पुढची चाकं थरथरत असतील, स्टिअरिंग हातात नाचत असेल, तर स्टिअरिंग डॅम्पर बसवून मोकळे होऊ नका. डॅम्पर थरथर झाकतो. किंगपिनचा सैलपणा किंवा टाय रॉडची झीज तशीच राहते आणि एक दिवस उताराला बाहेर येते.

आता गाडी धुवा, आणि चांगली धुवा. उघडताना मातीचा एक कण आत गेला तरी तो नव्या बेअरिंगमध्येच जाऊन बसतो. पाण्याची धार सीलवर आणि ब्रीदरवर थेट मारू नका. रात्रभर वाळू द्या.

३. सामान आधी, जॅक नंतर

अर्धी गाडी उघडून सील आणायला बेळगावला पळणं हा ठरलेला प्रकार आहे. तोवर उघड्या स्पिंडलवर (हब ज्यावर फिरतो त्या दांड्यावर) धूळ बसते, पोरं नट खेळायला नेतात.

एका बाजूला लागणारं सामान: आतलं-बाहेरचं व्हील बेअरिंग कपसह, हबचा सील, आतला ॲक्सल सील, नकलचा फेल्ट-रबर सील संच, फ्लँज किंवा फ्री व्हील हबचं (चाक पुढच्या शाफ्टला जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या डायलच्या हबचं) पॅकिंग, टॅब वॉशर (कान मोडून नट अडवणारा), नव्या स्प्लिट पिना. शक्य असेल तर जुन्या बेअरिंगवरचा नंबर घेऊन जा. कप (बेअरिंगचं बाहेरचं कडं) आणि कोन (रोलरसकट आतला भाग) दोन्हींच्या तोंडावर तो कोरलेला असतो. नामांकित कंपनीच्या खोक्यात नकली माल मिळतो, म्हणून नंबराचं कोरीवकाम आणि रोलरची फिनिश बघून घ्या. भाव फारच कमी असेल तर तेवढं कारण पुरे.

ग्रीस लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स, ईपी २ ग्रेडचं. गिअर ऑइल डिफसाठी ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. हेच ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगला जीएल-५ मानवत नाही. तिथं मॅन्युअलमध्ये दिलेलंच, बहुधा जीएल-४.

हत्यारांत घोडे (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) दोन, टॉर्क पान्हा, सर्क्लिप पक्कड, पितळी पंच, स्प्रिंग काटा आणि हब नटचा सॉकेट. हा सॉकेट नसल्यामुळे जितक्या बेअरिंगांचं वाटोळं झालं तितकं पाण्यानंही झालं नसेल. लोक छिन्नी लावून हातोड्यानं नट फिरवतात. नट किती कसला हे मग कुणालाच कळत नाही, आणि नटाच्या कडांचे तुकडे थेट बेअरिंगवर पडतात. बाजारात मिळाला नाही तर ड्राइव्ह फ्लँज काढून नटाचं माप व्हर्नियरनं घ्या, बाजू किती ते मोजा, आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही लेथवाल्याकडून जाड पाइपचा सॉकेट करून घ्या. ही सोय आपल्या गावाला आहे, ती वापरा.

धुण्यासाठी डिझेल. पेट्रोल नको, उन्हाळ्यात बंद शेडमध्ये त्याची वाफ साचते आणि कुठल्याही ठिणगीला पेटते.

४. ऑइल काढा, मग उचला

गाडी थोडी फिरवून आणा म्हणजे ऑइल पातळ होईल. सपाट जागी उभी करा. आता आधी भरायचा प्लग सोडवा, खालचा नंतर. क्रम उलटा झाला आणि वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर ऑइल नसलेली गाडी अंगणात आणि मेस्त्री खानापुरात.

खालच्या प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा गाळ बोटांत चोळा. मऊ राखाडी लेप चालतो. टोचणारे कण किंवा पातळ चकत्या असतील तर क्राउन-पिनियन (डिफमधले मुख्य गिअर) किंवा डिफचं बेअरिंग खातं आहे, आणि ते काम घरी करण्याचं नाही. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी. तळाला आधी स्वच्छ पाण्याचेच थेंब पडले तर पाणी बराच काळ आत साचलं आहे. गंज बघितल्याशिवाय नवं ऑइल भरू नका.

निघालेलं ऑइल डब्यात साठवून गॅरेजला द्या. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, आणि आपल्याकडच्या बहुतेक परसांचं पाणी कुठल्या ना कुठल्या ओढ्यालाच जातं.

चाकाचे नट आणि फ्लँजचे बोल्ट चाक जमिनीवर असतानाच ढिले करा. काही जुन्या जीपच्या डाव्या चाकाचे नट उलट्या आट्यांचे असतात. जोर लावूनही नट हलत नसेल तर पान्ह्याला पाइप लावण्याआधी दिशा तपासा.

मागच्या चाकांना दोन्हीकडून पाचर लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, पुढचा ॲक्सल उचला आणि घोडे ॲक्सलच्या नळीखाली द्या.

इशारा: बऱ्याच जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जरी उचललं तरी डिफमुळे ते मोकळं फिरतं, हँडब्रेक धरत नाही आणि गाडी जॅकवरून घसरते. पुढचं काम करतानाही पाचर हवीच. जांभ्याचा चिरा घोडा म्हणून वापरू नका. तो वजनाखाली सांगून फुटत नाही.

५. हब उघडणं

फ्री व्हील हबची डायल किंवा फ्लँज, सर्क्लिप, लॉक नट, टॅब वॉशर, आतला नट, बाहेरचं बेअरिंग, मग हब. काढाल त्या क्रमानं जुन्या चादरीवर डावीकडून उजवीकडे मांडा आणि प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो घ्या. टॅब वॉशरचे कान आधी सपाट करा; विसरलात तर नटाबरोबर स्पिंडलचे आटेही जातात.

हब ओढताना बाहेरचं बेअरिंग खाली पडतं. अंगठा लावून ठेवा. मातीत पडलेलं बेअरिंग धुऊन परत घालायचा मोह होतो, तो टाळा.

डिस्क असेल तर कॅलिपर तारेनं कमानपाट्याला टांगा, ब्रेक होजवर लोंबकळू देऊ नका. ड्रम असेल तर स्पिंडलचे बोल्ट काढल्यावर बॅकिंग प्लेट सुटते. तीही तारेनं बांधा, म्हणजे ब्रेकचा पाइप मोडत नाही आणि एअर काढायचं काम वाढत नाही.

इशारा: ब्रेक ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा, नाका-तोंडावर मास्क ठेवा. ऑइलनं भिजलेले ब्रेक शू धुऊन, पॉलिश पेपर मारून परत बसत नाहीत. गरम झाले की आतलं ऑइल पुन्हा वर येतं. बदला, आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदला, नाहीतर ब्रेक ओढणार.

६. धुवा आणि वाचा

बेअरिंग डिझेलमध्ये धुवा, स्वच्छ फडक्यावर वाळवा. कॉम्प्रेसरच्या हवेनं फिरवून वाळवण्याची सवय धोक्याची आहे. ग्रीस नसलेलं बेअरिंग त्या वेगानं स्वतःला खातं, आणि रोलर सुटून डोळ्याकडे येतो.

उजेडात बघा. रोलर किंवा कपवर खड्डे असतील तर बदला. निळसर-तपकिरी झाक म्हणजे तापलेलं, बदला. कपवर रोलरच्या अंतरानं समांतर रेषा दिसत असतील तर उभ्या गाडीत पाणी राहिलं होतं किंवा जोराचा मार बसला होता, तेही बदला. एकसारखी मळकट चमक असेल आणि बोटानं काही लागत नसेल, तर ते बेअरिंग अजून चालतं. उगाच नवं टाकू नका. जुनं चांगलं बेअरिंग हे नव्या नकली बेअरिंगपेक्षा केव्हाही बरं.

बदलायचं ठरलं तर कप आणि कोन दोन्ही बदला. कप ठोकून काढायला त्रास होतो म्हणून जुन्याच कपात नवा कोन बसवणारे मेस्त्री आहेत. एका पावसाळ्यात तो कोन जुन्या कपासारखा होतो. नवा कप बसवताना पितळी पंचानं समोरासमोर थोडं थोडं ठोका. तळाला टेकल्यावर आवाज बदलतो, टणक येतो. तो येईपर्यंत थांबू नका.

स्पिंडलवर सील जिथं घासतो तिथं नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चर पडला आहे, आणि त्यावर कितीही महाग सील टाकला तरी गळणारच. बारीक चर असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवून भागतं. खोल असेल तर लेथवर स्लीव्ह चढवून घ्या किंवा स्पिंडल बदला.

७. आतला सील आणि किंगपिन

स्पिंडल निघाल्यावर ॲक्सल शाफ्ट जॉइंटसकट सरळ ओढा. तिरका ओढला तर शाफ्टचे दाते सीलचा ओठ फाडतात. सील बदलला नसेल, नुसता शाफ्ट आत-बाहेर केला असेल, तरी ही काळजी घ्या; कित्येक चांगले सील असेच जातात.

काही ॲक्सलमध्ये हा सील नळीच्या तोंडाशी असतो, काहींत आत डिफजवळ. तोंडाशी असेल तर घरी बदला. डिफजवळ असेल तर क्राउन बाहेर काढावा लागतो, त्याचं बॅकलॅश (दात्यांमधलं मोकळं अंतर) पुन्हा लावावं लागतं. ते काम जाणत्या मेस्त्रीला द्या, त्यात कमीपणा नाही.

सीलची स्प्रिंग असलेली बाजू ऑइलकडे, हबच्या सीलची ओठाची बाजू ग्रीसकडे. ओठांच्या मध्ये थोडं ग्रीस भरा. कोरडा ओठ पहिल्या काही फेऱ्यांतच जळतो. सील ठोकायला सपाट लाकडी ठोकळा किंवा योग्य मापाचा जुना कप वापरा.

किंगपिन उघडणार असाल तर शिम (पिनेखालच्या पातळ चकत्या) किती आणि कुठल्या बाजूला होत्या ते लिहून ठेवा. वरची पिन आणि खालची पिन अदलाबदल करू नका. बसवल्यावर टाय रॉड आणि नकलचा मागचा सील सुटा ठेवून स्टिअरिंग आर्मला स्प्रिंग काटा अडकवा, काटकोनात ओढा. नकल कितीला हलते हा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. हलका लागला तर शिम कमी करा, जड लागला तर वाढवा. सील बसवून मोजलं तर सीलचं घर्षण मिसळतं आणि आकडा खोटा येतो. या टप्प्याला अंदाज चालत नाही, आणि नेमका हाच टप्पा सगळीकडे अंदाजानं होतो.

नकलच्या गोळ्याला गंजाचे खड्डे असतील तर बारीक पॉलिश पेपरनं कडा मोडा. टोकदार खड्डा नवा फेल्ट एका पावसाळ्यात खाऊन टाकतो.

८. ग्रीस भरणं आणि नट लावणं

तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या, बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत रहा, रोलरच्या मधून वरच्या बाजूनं ग्रीस निघेपर्यंत. मग फिरवून पुढचा भाग. वरवर लेप लावून हबमध्ये मूठभर ग्रीस कोंबणं म्हणजे भरणं नव्हे. हब गच्च भरला तर तापल्यावर ग्रीस फुगतं आणि सीलमधून ब्रेकवर येतं. दोन कपांच्या मधल्या पोकळीत कडेनं थर पुरे.

जुनं ग्रीस पूर्ण काढूनच नवं भरा. वेगवेगळ्या जातीची ग्रीस एकत्र आली तर काही मिश्रणं पातळ होऊन वाहतात, आणि आधीच्या मालकानं काय भरलं होतं ते तुम्हाला कुठं माहीत?

फ्री व्हील हबच्या डायलमध्ये मात्र ग्रीसचा अगदी पातळ हात. भरपूर ग्रीस भरलं की आतला सरकणारा तुकडा अडकतो, डायल ‘लॉक’वर दिसते आणि आत लॉक झालेलं नसतं.

आता नट. चाक किंवा हब दोन्ही दिशांना फिरवत आतला नट आवळा, हब जड फिरेपर्यंत. यात बेअरिंग आपल्या जागी टेकतं. मग ढिला करा. जुन्या विलीज पद्धतीच्या ॲक्सलला साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्यायची रीत आहे. जिप्सीला मॅन्युअलमध्ये चाकाच्या स्टडला स्प्रिंग काटा लावून मोजायचं माप आहे, तेच धरा. टॅब वॉशर, लॉक नट.

तपासा: लॉक नट आवळल्यावर आतला नट किंचित सरकतो आणि सेटिंग बदलतं. म्हणून लॉक नट पूर्ण आवळल्यानंतर पुन्हा चाक फिरवा, पुन्हा वर-खाली हलवा. मोकळं फिरलं पाहिजे, खडखड नको. जमलं नसेल तर लॉक नट काढून परत. दोन-तीनदा करावं लागतं, ते नेहमीचंच आहे. जमल्यावरच टॅबचे कान मोडा. एकदा मोडलेला टॅब पुन्हा वापरू नका.

घट्ट की सैल अशी शंका आली तर आपल्याकडचा कल घट्टकडे असतो. ते चुकीचं आहे. जरा सैल बेअरिंग आवाज करून सांगतं. घट्ट बेअरिंग तापून स्पिंडललाच चिकटतं.

९. डिफ भरणं

खालचा प्लग नव्या वॉशरनं लावा. वरच्या प्लगच्या भोकातून ऑइल बाहेर येईपर्यंत भरा, गाडी सपाट जागी आणि चाकांवर असताना. पुढून उचललेल्या गाडीत भरलं तर पातळी चुकते. किती लिटर हे लक्षात ठेवण्यापेक्षा भोकाची पातळी खरी.

पाणी निघालेल्या डिफमध्ये पहिलं ऑइल स्वस्तातलं, पण त्याच ग्रेडचं भरा, वीस-पंचवीस किलोमीटर चालवा, गरम असताना काढून टाका, मग चांगलं भरा. डिझेलनं डिफ धुऊन ते आत राहू देणं वाईट. ॲक्सलच्या नळ्यांत साचलेलं डिझेल निथळत नाही.

सिलिकॉन गॅस्केट लावलंत तर बारीक रेघ. बाहेर दिसतं तितकंच आतही निघतं, आणि आतलं सुटून ऑइलमध्ये फिरतं.

१०. ब्रीदर वर आणा

एवढा एकच बदल असा आहे की तो प्रत्येक गाडीला करावा. खर्च किरकोळ.

ॲक्सलच्या नळीवरचा जुना ब्रीदर काढा, त्याच्या आट्यांचं माप घ्या, तेवढ्या आट्यांचा होज निप्पल लावा. त्यावर ऑइल-डिझेलला टिकणारा ८ मिलिमीटरचा रबरी होज. साधी पारदर्शक नळी गरमीत मऊ होऊन चिमटते, ती नको. होज ब्रेक होजच्या बाजूनं वर न्या, चेसिसपाशी क्लिप मारा, पण ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळेल तेव्हाही ताण येणार नाही इतका ढिलाव ठेवा. हे जॅक लावून प्रत्यक्ष बघा, डोळ्यांनी अंदाज करू नका.

वरचं टोक इंजिनच्या खोलीत फायरवॉलजवळ, जितकं उंच जाईल तितकं. टोक खाली वळवा आणि त्यावर छोटा पेट्रोल फिल्टर लावा, म्हणजे धूळ जात नाही. वाटेत कुठंही झोळ नको, झोळात पाणी साचलं की होज बंद. एक्झॉस्टपासून लांब ठेवा. मागचा ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांनाही हेच करा. चारही होज एका पट्टीवर आणून ठेवले तर पावसाळ्यात एका नजरेत तपासता येतात.

तपासा: वरच्या टोकातून तोंडानं हळू फुंका. हवा सहज गेली पाहिजे. अडली तर खाली निप्पलमध्ये जुनी माती आहे.

११. गाडी फिरवणं

चाकाचे नट चांदणीच्या क्रमानं, टॉर्क पान्ह्यानं. घोडे काढण्याआधी ब्रेक तीन-चारदा दाबा. पहिला दाब खाली जातो, आणि तो रस्त्यावर गेलेला नको.

पाच-सहा किलोमीटर हळू चालवून थांबा, दोन्ही हबना हात लावा. कोमट चालेल. एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर नट घट्ट आहे किंवा ब्रेक चिकटतो आहे. हात ठेववत नसेल तर गाडी तिथंच उभी करा. वीस-तीस किलोमीटरनंतर पुन्हा बघा. पन्नासनंतर चाकाचे नट पुन्हा आवळा.

मग फोर बाय फोर, मातीवर. डांबरी कोरड्या रस्त्यावर या गाड्या फोर बाय फोरमध्ये चालवू नका. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफ नसल्यामुळे शाफ्ट आणि गिअर ताणाखाली येतात. एकाच बाजूचा हब लॉक झाला तर डिफ सगळी ताकद मोकळ्या बाजूला घालवतं आणि पुढची चाकं ओढत नाहीत. लिव्हर बरोबर पडला, पण गाडी चढत नाही, अशी तक्रार बहुतेक वेळा डायलची निघते.

चाचणीला भीमगडच्या ओढ्यांत जाऊ नका. २०११ पासून ते अभयारण्य आहे, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली विनापरवाना शिरणं गुन्हा आहे. स्वतःच्या शेतातला पाणंद रस्ता या कामाला उत्तम.

१२. टायर आणि लिफ्टचा विचार आता करा

बाहेरच्या अंगाला सरकलेलं चाक आणि स्पेसर हबच्या बेअरिंगवरचा भार बाहेर ढकलतात. वर केलेलं सगळं काम अर्ध्या आयुष्याचं होतं. स्पेसर तर नकोच. लांब शॅकल (कमानपाटा चेसिसला जोडणारा दुवा) लावून उंची वाढवली की कॅस्टर (किंगपिनचा पुढे-मागे कल) बदलतो, स्टिअरिंग सरळ परत येत नाही, ब्रेकचे होज ताणले जातात. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाचे, चांगल्या खाचांचे टायर आपल्या चिखलाला पुरतात, असं माझं ठाम मत आहे.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्यानं दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांपासून फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढच्या लोखंडी गार्डवर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. पासिंग केए-२२ चं (बेळगाव) असो की केए-२३ चं (चिकोडी), कोगनोळीपलीकडे कोल्हापूरला जा की चोर्ल्यातून गोव्यात उतरा, कायदा केंद्राचा आहे.

१३. ओढ्यातून आल्यावर

पाण्यात घालण्याआधी शक्य असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, हब निवू द्या. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं चालवा, लायनिंग वाळतं.

पाणी हबच्या वर गेलं असेल तर त्याच आठवड्यात डिफचा खालचा प्लग जरासा ढिला करून पहिले थेंब काचेच्या बाटलीत घ्या. पाणी जड असल्यामुळे तळाला आधी तेच येतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी, चालवण्याआधी बघा; चालवल्यावर पाणी आणि ऑइल एकजीव होतात आणि थोडं पाणी कळत नाही. हबची बाहेरची टोपी काढून ग्रीसमध्ये बोट घाला. पांढुरकं, लोण्यागत झालं असेल तर त्या बाजूचा हब उघडून पाचव्या टप्प्यापासून पुन्हा. दुसऱ्या बाजूचं ग्रीस तांबूस-स्वच्छ असेल तर तिला हात लावू नका.